दोर आतून वळतात

१२ जून

चिरंजीव उस्तादांस,

तुझं पत्र आलेलं पाहून आधी वाटलं, कोणीतरी गेलं. फोनवर तू ओरडतोस म्हणून मीच नियम घातला होता की महत्त्वाचं काही असेल तर लिहून कळव. लिहायला निदान माणूस खाली बसतो. तो नियम इतक्या वर्षांनी पाळलास आणि विचारलंस काय, तर 'ताई, माणसाच्या शिरा मजबूत कशा होतात? तू त्याच धंद्यात आहेस ना?'

आहे बाबा, त्याच धंद्यात आहे. सकाळी प्रयोगशाळेत जाते, उबवणीच्या कपाटातून अंडी काढते, कवचाला कात्रीने खिडकी पाडते आणि आतल्या पिल्लाचं मुंडकं उडवते. मग त्याचा पाय कापून काचेवर घेते. दुपारच्या चहापर्यंत माझ्या नावावर दोन डझन खून जमा असतात. नानांनी छडीच्या धाकाने घोटून घेतलेलं संस्कृत इथे कामी येतं. प्रत्येक पिल्लाची मी मनातल्या मनात देवभाषेत क्षमा मागते. त्याला कळत नाही, पण विभक्ती चुकत नाही एवढं समाधान.

आता तुझी शीर. आम्ही तिला कंडरा म्हणतो. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा हा दोर कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. पेशी आपल्या पोटात त्याची तीन पदरी वेणी घालते. वेणीच्या दोन्ही टोकांना गोंडे असतात, आणि गोंडे असेपर्यंत वेण्या एकमेकींना चिकटत नाहीत. बाहेर पडताना ते कापले जातात, की लगेच वेण्या शेजारीशेजारी लागून त्यांचा बारीक धागा होतो. गर्भातल्या पेशी तर याहून हुशार. त्या अंगातून बोटासारखा फाटा काढतात आणि त्या बोटातून धागा बाहेर सोडतात. सगळ्या पेशींची बोटं एकाच दिशेला, जिकडे पुढे स्नायू ओढणार तिकडे. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात हेच धागे प्लायवुडसारखे, एक थर उभा तर पुढचा आडवा. कातडीत तेच गुंतवळासारखे. माल एकच, मांडणी निराळी. हे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा मी चहा प्यायला विसरले होते, यावरून काय ते समज.

आणि पिल्लू अंड्यात लाथा मारायला लागलं की हे धागे लांब होतात, जाड होतात, एकमेकांना टाके घालतात. ताणच नसेल तर दोर नीट वळला जात नाही. ताणानेच सगळं घडतं, उस्ताद. हे वाक्य तुला आवडेल.

तुझ्या लेकीला, आपल्या घोरपडीला, पापा. तेरा वर्षांची झाली तरी अजून दाराच्या चौकटीवर चढून बसते का?

तुझी,
ताई

*

२ जुलै

ती. पंडित ताईस,

आवडेल काय, हॉलमध्ये लावलं. फ्लेक्सवाल्याकडून हातभर उंचीच्या अक्षरांत करून घेतलं, 'ताणानेच सगळं घडतं', खाली तुझी पदवी आणि हुद्दा. पोरं ज्या लाकडी दांडीवर तोल धरतात त्या बीमच्या समोरच्या भिंतीवर आहे. पोरं येतात, वाचतात, गप सरावाला लागतात. इतकी वर्षं मी हेच घसा फोडून सांगत होतो, पण मी पडलो जिम्नॅस्टिक्सचा मास्तर. आता शास्त्र माझ्या बाजूचं.

मागच्या आठवड्यात एक बाप आला. पोराच्या पाठीवर वळ आहेत म्हणाला. मी भिंतीकडे बोट केलं, वाच म्हटलं. तो म्हणाला, हे तुमच्या बहिणीचं आहे, डॉक्टरचं नाही. तुझ्याबद्दल असं बोलला म्हणून ठेवून दिली एक. नाकाचं हाड गेलं. मॅटवरचं रक्त गार पाण्याने निघतं, गरम पाणी लावलं तर डाग बसतो, तुला माहीत असेलच. पोरगं दुसऱ्या दिवशी सरावाला हजर. बापाने काही केलं नाही.

घोरपडीचं मन लावून चाललंय. सप्टेंबरात राष्ट्रीय संघाची निवड आहे. सगळं बसलंय, फक्त स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय ताणून फाकवणं, सरळ रेषेच्या खाली जात नाही, आणि परीक्षक तिथेच गुण कापतात. तुझं पत्र वाचल्यापासून पद्धत बदलली. दोन खुर्च्यांवर दोन पाय, मधे हवा, आणि वरून मी. रोज सकाळ-संध्याकाळ. ओरडते फार, म्हणून तोंडात टॉवेल देतो. तुझी पिल्लंही कवचात ओरडत असतील, ऐकू येत नाही एवढंच.

तिची आई असती तर मधे पडली असती. बिचारी लवकर गेली. ती नाही ते एका परीने बरंच म्हणायचं. हे वाक्य खोडणार होतो, राहू दे.

तुझा,
उस्ताद

*

१० जुलै

उस्ताद,

तुला चेष्टेने उस्ताद म्हणत आले, आता तोंडात शब्द फिरेनासा झालाय.

एवढ्या पत्रातलं तू एक वाक्य उचललंस. माझ्या नावाखाली हातभर अक्षरांत ते लावताना निदान मागचंपुढचं लावायचंस. ते मी आता लिहिते, म्हणजे फ्लेक्सवाल्याला पुन्हा काम मिळेल.

आम्ही एक क्रूर प्रयोग करतो. अंड्यात औषधाचे थेंब सोडतो, पिल्लू लुळं पडतं. जिवंत असतं, वाढतं, पण लाथ मारत नाही. त्याच्या कंडरा सुरुवातीला ठीक दिसतात, मग विरत जातात, सांधे चिकटतात. यावरून ताण हवा हे कळलं. बरोबर. पण पुढे माझ्या एका विद्यार्थ्याला तुझ्यासारखीच अक्कल सुचली. पिल्लू हलत नाही ना, मग आपणच ओढू म्हणाला. त्याने बारीक आकडा लावून पाय ओढला. सकाळी पाहिलं तर कंडरा शाबूत होती आणि तिच्या टोकाला हाडाचा कोवळा तुकडा लटकत होता. कंडरा जिथे बांधलेली असते ती जागा वाढत्या वयात मऊ असते. दोर तुटत नाही, खुंटी उपटून येते. तेरा वर्षांच्या मुलीत ही खुंटी कुठे असते सांगू? बसताना जे हाड टेकतं, तिथे. तू खुर्च्यांच्या मधे जिथे वजन टाकतोस, बरोबर तिथेच.

पिल्लाची लाथ त्याची स्वतःची असते. किती मारायची, कधी थांबायचं, ते त्याच्या आतून ठरतं. पेशी त्या बेताने धागा सोडते. तुझं सत्तर किलो तिला कळत नाही.

फ्लेक्स काढ. खुर्च्या बसायला वापर. आणि त्या नाक मोडलेल्या गृहस्थांची माफी माग. मी गमतीत लिहिते म्हणून हेही गमतीत घेऊ नकोस. या पत्राचं उत्तर आठवडाभरात आलं नाही तर मी फोन करीन आणि तुझं ओरडणं ऐकून घेईन.

ताई

*

४ सप्टेंबर

ताई,

तू दहादा फोन केलेस, मी उचलला नाही. सराव चालू असताना मी फोन घेत नाही, आणि सराव दिवसभर असतो.

तू पुस्तकातलं माणूस. अंड्याचं पोरांना लावतेस आणि मी लावलं की मी अडाणी. एक गोष्ट मला सांग. नानांनी तुला छडीने झोडलं नसतं तर तू पंडित झाली असतीस? रूपं चुकली की हाताचे तळवे लाल व्हायचे तुझे. त्या हातांनीच आज तू पदव्या घेतेस. मला कमी मारलं, म्हणून मी हा असा राहिलो. मी काही विसरलेलो नाही.

निवड हुकली. घोरपड मॅटवरून घसरली. मांडीत थोडं दुखतं. डॉक्टर म्हणाले विश्रांती. आता समाधान झालं असेल तुझं.

फ्लेक्स आहे तिथेच आहे.

*

९ सप्टेंबर

आत्या,

हे पत्र मी शेजारच्या काकूंकडे दिलंय, त्या पेटीत टाकतील. बाबांना सांगू नकोस.

मी घसरले नाही. बाबांनी दवाखान्यात तसं सांगितलं आणि डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी मान हलवली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हलवली.

निवडीला थोडेच दिवस होते. बाबा म्हणाले, आज खाली गेलंच पाहिजे. माझे दोन्ही पाय खुर्च्यांवर होते. ते मागून माझ्या कमरेवर दोन्ही हात ठेवून वजन टाकत होते. जात नव्हतं. मग त्यांनी उडी मारल्यासारखं केलं. ओली काठी मोडते तसा आवाज आला. मला वाटलं खुर्ची मोडली. मी खाली पडले आणि बाबा म्हणाले, नाटक करू नकोस, ऊठ. मला उठता येईना. त्यांनी त्याच पायावर लाथ मारली. टॉवेल तोंडात होता म्हणून मला ओरडता आलं नाही, मग उलटी झाली, ती टॉवेलमध्येच राहिली आणि श्वास येईना. हॉलमधल्या सगळ्या जणी बघत होत्या. कोणी पुढे आलं नाही. मी पण आले नसते.

मग दवाखाना. फोटोत हाडाचा तुकडा निघालेला दिसतो, नखाएवढा. कुबड्या दिल्यात. बाबा म्हणतात, महिनाभरात पुन्हा सुरू करू, दुसरी निवड आहे.

आत्या, तुझं वाक्य माझ्या समोरच असतं. मान वर ठेवायची असते म्हणून ते दिसतं. मी ते रोज वाचते. ते खरं आहे का? म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे का, की ताण देऊनही घडत नाही?

तुझी,
घोरपड

(दाराच्या चौकटीवर चढते का, असं तू बाबांना विचारलं होतंस. चढते म्हणजे चढायचे.)

*

१३ सप्टेंबर

शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. तिचे कपडे बांधून ठेव. नाही ठेवलेस तरी चालेल, माझ्याकडे कापड आहे आणि मला शिवता येतं.

ताई

*

२१ सप्टेंबर

ताई,

भुवईवर सहा टाके पडलेत. हे मी डाव्या डोळ्यावर पट्टी घेऊन लिहितोय, अक्षर समजून घे.

तू आलीस, माझ्याशी एक शब्द न बोलता सरळ हॉलमध्ये गेलीस, बीमवर चढलीस आणि सगळ्या पोरींसमोर फ्लेक्स ओढून फाडलास. पन्नाशीची बाई. मी तुला खाली ओढलं, हे कबूल. बीमची कड तुझ्या तोंडाला लागली हे मी मुद्दाम केलं नाही. तुझा दात मॅटवर पडला तेव्हा मी उचलायला वाकलो होतो, देवाशपथ, आणि तू तुझी ती जाडजूड बॅग माझ्या तोंडावर घातलीस. आत काय भरलं होतंस, विटा? नंतर कळलं, नानांचा कोश. दोन खंड. नानांनी आयुष्यभर जितकं मारलं नसेल तितकं तू त्यांच्या पुस्तकाने एका दणक्यात मारलंस. पोरी हसल्या. माझ्या हॉलमध्ये माझ्याकडे बघून पहिल्यांदाच कोणी हसलं.

ते सोड. पोरगी माझी आहे. तू तिला टॅक्सीत घालून नेलीस त्याला पळवणं म्हणतात. मी चार जण घेऊन येईन आणि दार मोडून तिला नेईन.

आणखी एक. दवाखान्याने पोलिसांना कळवलंय. त्या डॉक्टरला पहिल्यापासून संशय होता. चौकीतली बाई तुमच्याकडे येईल आणि घोरपडीला विचारेल. ती जे बोलेल त्यावर सगळं. माझा हॉल, मी, सगळं. तिला सांग, घसरले म्हण. एवढं एकच वाक्य. तू सांगितलंस तर ऐकेल. दात मी भरून देईन.

उस्ताद

*

६ ऑक्टोबर

भावा,

सोमवारी तू चार जण घेऊन आलास खरा, पण तुझे चारही पहिलवान जिन्यात उभे राहून मोबाईल बघत होते. लाथा तू एकट्यानेच मारल्यास. वरची बिजागरी निखळली, मधली फळी फुटली. सुतार म्हणाला, बाई, दार चांगल्या लाकडाचं होतं म्हणून टिकलं. घोरपड तितका वेळ जेवणाच्या टेबलाखाली होती. कुबड्या घेऊन टेबलाखाली कसं शिरता येतं मला माहीत नव्हतं. येतं. बाहेर येताना मात्र तिला येईना, मी आणि सुतार दोघांनी टेबल उचललं.

माझ्या दाताची काळजी करू नकोस. 'स'कार नीट येत नाहीत, संस्कृत बोलायचं तेवढं बंद केलंय. कोंबडीच्या पिल्लांना फरक पडत नाही.

नानांबद्दल लिहिलंस, तर ऐक. नाना मारायचे त्या दिवशी मला एक रूप आठवायचं नाही. ते झोपले की मी गच्चीवर जाऊन स्वतःशी घोकत बसायचे, गोड वाटायचं म्हणून. जे काही आलं ते तिथे आलं. आणि तुला कमी मारलं असं तुला का वाटतं? तुझ्या उजव्या हाताची करंगळी त्यांनी पट्टीने मोडली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. हाड वाकडं बसलं. तुझं अक्षर डोळ्यावरच्या पट्टीमुळे वाकडं येत नाही, ते तेव्हापासून तसंच येतं.

तुझ्या मुलीचं हाड सांधतंय. अशा जागी पेशी आधी घाईघाईने कोलॅजेन टाकतात, दिशा नाही, नुसता गुंता. व्रण म्हणजे तोच गुंता. मग ती आपल्या बेताने पाय हलवते, दुखलं की थांबते, आणि धागे हळूहळू सुधारून ओळीला लागतात. पुन्हा गर्भातल्यासारखे सुबक होणार नाहीत, पण चालण्यापुरते होतील. उड्या मारण्यापुरते होतील की नाही ते मला सांगता येत नाही. डॉक्टरलाही येत नाही. तिने मला विचारलं होतं, तिच्यातच काही कमी आहे का. मी तिला सूक्ष्मदर्शकाशी नेऊन बसवलं आणि त्या विद्यार्थ्याने आकडा लावून ओढलेलं पिल्लू दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, याची तर काहीच चूक नाही.

आता तुझ्या एका वाक्याबद्दल. तिने घसरले म्हणावं, असं मी तिला सांगणार नाही. घसरले नाही म्हण, असंही सांगणार नाही. जीभ धरून ओढायचे मार्ग आपल्या घराण्यात पुष्कळ आहेत, मला सगळे येतात. पोलीसबाई येतील तेव्हा मी बाहेर जाऊन भाजी आणीन. ती जे बोलेल ते तिचं.

पत्र लिहायचं तर तिला लिही, मला नको. ते उघडायचं की नाही ते ती ठरवेल.

तुझी ताई, अजूनही

*

३० ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. उघडलं. तुम्ही लिहिलंय की मी घसरले म्हटलं तर तुम्ही मला कधी हात लावणार नाही, आणि नाही म्हटलं तर तुमचं वाटोळं होईल आणि ते मी केलेलं असेल. मी ते तीनदा वाचलं. तुमचं ऐकायचं असं वाटून मी तयारी पण केली होती. आरशासमोर म्हणून बघितलं, घसरले, घसरले. चांगलं जमत होतं.

चौकीतल्या बाई परवा आल्या. आत्या पिशवी घेऊन खाली गेली. आत्याचं काही खरं नाही, घरात दोन दिवसांची भाजी होती.

त्या बाई खूप हळू विचारत होत्या. पाय दुखतो का, पाणी हवंय का. मग म्हणाल्या, काय झालं होतं ते तुझ्या शब्दांत सांग. आणि मी सांगायला लागले तर खुर्च्या सांगितल्या. मी ठरवलं नव्हतं. खुर्च्या सांगितल्यावर टॉवेल सांगावा लागला, आणि मग लाथ. त्याआधीची पण सगळी. बेल्ट, आणि बीमवर रात्रभर उभं केलं होतं ते, आणि त्या दादाच्या बाबांचं नाक. मी रडले नाही. बाईंचं पेन दोनदा थांबलं.

तुमच्याकडे आता ते येतील. आत्या म्हणाली तुम्हाला आधी कळायला हवं, म्हणून मी लिहिते आहे. मी परत येणार नाही. इथल्या शाळेत नाव घातलंय. इथे एक पोहण्याचा तलाव आहे, डॉक्टर म्हणाले पाण्यात चालेल. तिथल्या सरांना मी पहिल्या दिवशीच सांगितलं की मला पाठीमागून हात लावायचा नाही. ते म्हणाले, बरं.

एक गोष्ट राहिली. सगळं सांगून झाल्यावर मी बाईंना सांगितलं की हाड मोडल्यावर बाबांनीच मला उचललं, रिक्षा मिळेना म्हणून दवाखान्यापर्यंत पळत नेलं, बूट घालायलाही थांबले नाहीत, आणि सगळा रस्ता ते माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होते. बाई म्हणाल्या, हे लिहायची गरज नाही, याचा केसशी संबंध नाही.

मी म्हटलं, तेही झालंय, तेही लिहा.

त्यांनी पेन पुन्हा उघडलं.

घोरपड